वेळ कोणाचा वाचला?

मालवाहतुकीचं नियोजन हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांना माहिती तंत्रज्ञानाचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. गाडी भिवंडीहून निघाली की इंदूरला किंवा बंगळुरूला पोचेपर्यंत तिचा ठावठिकाणा कळायचा तो चालकाने वाटेतल्या एखाद्या पीसीओवरून फोन केला तरच, असा काळ आमच्या पिढीने पाहिला आहे. बिल्टीच्या, म्हणजे मालाबरोबरच्या वाहतूक-पावतीच्या, प्रती कार्बन घालून लिहायच्या, एक प्रत गाडीबरोबर जायची आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच पोस्टाने किंवा परतीच्या गाडीने येईपर्यंत थांबायचं. आज गाडी पडद्यावर दिसते, टोल आपोआप कापला जातो, गाडीचे कागद मोबाइलमध्ये असतात. हा बदल खरा आहे आणि चांगला आहे. पण या कामात राहून माझं एक मत पक्कं होत गेलं, तेच इथे मांडायचं आहे. रस्त्यावरचा वेळ वाचला तरी वाट पाहणं संपलेलं नाही, त्याची फक्त जागा बदलली आहे. जी माहिती सरकारला, मोठ्या कंपनीला किंवा माल पाठवणाऱ्याला हवी होती, ती झपाट्याने गोळा झाली. जी चालकाला, एक-दोन गाड्यांच्या मालकाला किंवा फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला हवी होती, ती बहुतेक वेळा कुठेतरी नोंदलेली असूनही त्यांच्या हाती आली नाही. म्हणून वाहतुकीतल्या नव्या यंत्रणेचं मोल ठरवताना ती किती वेगवान आहे हे नंतर बघावं. तिच्यामुळे वेळ कोणाचा वाचला, हे आधी बघावं.

जे सुधारलं त्याबद्दल आधी बोलू. 1 जुलै 2017 ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि त्याबरोबर मुंबईतली जकात संपली. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागत, राज्यांच्या सीमांवर विक्रीकराचे तपासणी नाके असत, आणि तिथे किती वेळ मोडेल हे कोणालाच सांगता येत नसे. एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आलं. 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालासाठी ते काढावं लागतं. भाग ‘अ’ मध्ये माल कोणाचा, कोणाला, किती किमतीचा, कुठून कुठे चालला आहे हे येतं. भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर येतो. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, तर फक्त भाग ‘ब’ मधला नंबर बदलायचा, बाकीचं बिल तसंच राहतं. बिलाची मुदत अंतरावरून ठरते. सुरुवातीला दर 100 किलोमीटरला एक दिवस मिळे, 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुंबईहून नागपूरचं अंतर 800 किलोमीटरच्या आसपास धरलं, तर पूर्वी मालाला आठ दिवस मिळत, आता चार मिळतात. नाके गेले, गाड्या अडायच्या थांबल्या, तेव्हा आता एवढं अंतर रोज कापलं गेलंच पाहिजे, असं सरकारने यातून सांगितलं.

टोलचंही तसंच. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवर चिकटवलेला टॅग नाक्यावरचं यंत्र वाचतं, खात्यातून पैसे जातात आणि कोणत्या नाक्यावर किती वाजता किती कापले याचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो. छोट्या मालकाला याचा दुहेरी उपयोग झाला. चालकाजवळ द्यायच्या रोख वाटखर्चातला मोठा भाग टोलचा असे, ती रोकड बाळगण्याची जोखीम गेली. शिवाय गाडी कुठवर पोचली याचा अंदाज वेगळं यंत्र न बसवताही मिळू लागला. याच काळात फास्टॅगची नोंद ई-वे बिलाशी जोडली गेली, त्यामुळे कोणता माल कोणत्या गाडीतून कोणत्या नाक्यावरून गेला हे करखात्याला बसल्या जागी दिसू लागलं. त्यात रस्तेही सुधारले. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून 2025 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला. विदर्भातला माल आता मुंबईच्या गोदामपट्ट्याच्या दारापर्यंत न अडखळता येतो. रस्त्यावर गाडी किती वेळ होती याचा हिशेब आज मिनिटांत देता येतो. तिथून पुढचा हिशेब मात्र कोणीच देत नाही.

माल उतरवायची गाडी फाटकाशी लागते तेव्हा नेमकं काय होतं ते पाहा. चालक बिल्टी, माल पाठवणाऱ्याचं बिल आणि ई-वे बिल घेऊन सुरक्षारक्षकाच्या खिडकीशी जातो. रक्षक वहीत गाडीचा नंबर, चालकाचं नाव, मोबाइल नंबर आणि वेळ लिहितो. काही ठिकाणी टोकन देतात, काही ठिकाणी नुसतं ‘गाडी बाजूला लावा’ म्हणतात. मग आतून बोलावणं येईपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला उभी. कधी गोदामात जागा नसते, कधी माल मोजून घेणारा माणूस सुटीवर असतो, कधी हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर गुंतलेली असते. आत गेल्यावर भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, रिकामी झाली की पुन्हा चढते. काट्याच्या पावतीवर दोन्ही वजनं येतात आणि त्यांच्याशेजारी दोन्ही वेळाही छापून येतात. शेवटी बिल्टीवर सही आणि शिक्का पडतो, तूट-फूट असली तर तसा शेरा पडतो. हीच पोच, आणि ती मिळाल्याशिवाय उरलेलं भाडं सुटत नाही. या सगळ्याला कधी चार तास लागतात, कधी दोन दिवस. बिल्टीच्या मागे छापलेल्या अटींत ठरावीक वेळेनंतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं, लागेल असं लिहिलेलं असतं. पण हॉल्टिंग मागायला गेलं की गाडी कधी आली याचा पुरावा विचारला जातो. तो पुरावा फाटकावरच्या वहीत असतो, आणि वही ज्याच्याकडून पैसे यायचे त्याच्याच ताब्यात असते.

या उभ्या गाडीची किंमत कोण मोजतं? आपल्या देशात बहुतेक ट्रकमालकांकडे पाचांहून कमी गाड्या आहेत. अशा मालकाचं भाडं फेरीवर ठरतं. गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा आणि रस्ता कर मात्र दिवसांवर चालतात. फेरीला दोन दिवस जास्त लागले तर महिन्यातली एखादी फेरी कमी होते, आणि तीच फेरी हप्ता भरल्यावर हातात काही उरतं की नाही हे ठरवते. चालकालाही अनेक ठिकाणी फेरीवरच पैसे मिळतात, म्हणजे फाटकाबाहेरची रात्र त्याच्या खिशातून जाते. परतीचं भाडं ठरलेलं असलं आणि गाडी वेळेत मोकळी झाली नाही, तर ते दुसऱ्याला जातं आणि गाडी रिकामी परत येते किंवा पडेल भावात भरावी लागते. बरं, माल उतरून घेण्याआधीच ई-वे बिलाची मुदत संपत आली तर ती वाढवून घेण्याची धावपळही वाहतूकदारालाच करावी लागते, कारण मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली तर दंड मोठा असतो. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. वाहतुकीच्या साखळीत वेळ वाया घालवणारा एक आणि त्याचे पैसे मोजणारा दुसरा असला की वेळ वाचवण्याची घाई कोणालाच राहत नाही. तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून हे घडत नाही. ते कुठे बसवायचं हे कोण ठरवतं, त्यावरून घडतं.

साखर कारखान्याच्या यार्डात हेच आणखी स्पष्ट दिसतं. गळीत हंगाम भरात आला की ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या रांगा काट्यापासून लांबवर जातात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वाळतो, त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उताराही खाली येतो. वजन घटलं की टनावर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याचं, तोडणी टोळीचं आणि वाहतूकदाराचं नुकसान होतं. उतारा घटला की कारखान्याचंही होतं. रिकामी गाडी फडात परत आल्याशिवाय टोळीला पुढची भरणी करता येत नाही, त्यामुळे रांगेचा ताण थेट तोडणी कामगाराच्या दिवसावर येतो. उसाची नोंद, लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, काट्यावरचं वजन हे सगळं अनेक कारखान्यांत आज संगणकावर आहे आणि वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. मग यार्डात किती गाड्या उभ्या आहेत आणि आता निघालेल्या गाडीचा नंबर साधारण कधी लागेल, हे फडातल्या मुकादमाला आणि चालकाला सांगायला काय अडचण आहे? नवं काही शोधून काढायचं नाही. आहे ती माहिती उलट दिशेनेही पाठवायची, एवढंच.

जिथे थांबण्याचा वेळ मोजला जातो आणि मोजलेला आकडा चारचौघांत ठेवला जातो, तिथे काय घडतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात 2016 च्या जुलैमध्ये लॉजिस्टिक्स डेटा बँकेचा प्रकल्प सुरू झाला. कंटेनरवर रेडिओ लहरींनी वाचता येणारा टॅग लावतात. बंदराचं फाटक, कंटेनर फ्रेट स्टेशन आणि वाटेवरचे टोलनाके इथली यंत्रं तो वाचतात. कंटेनर बंदरात किती काळ पडून राहिला, पुढे किती वेळात कुठे पोचला, हे आयातदाराला कंटेनरचा नंबर टाकून पाहता येतं आणि त्याचे एकत्रित अहवालही निघतात. पुढे हीच व्यवस्था देशातल्या इतर बंदरांवर गेली. बंदराचा मुक्काम-काळ हा आता चर्चेचा, तुलनेचा आणि जाब विचारण्याचा विषय झाला आहे. जो आकडा उघड असतो तो कमी करावाच लागतो. कारखान्याच्या, गोदामाच्या आणि बाजार समितीच्या फाटकावरचा आकडा उघड नाही, म्हणून तो कमी करण्याची कोणाला निकडही वाटत नाही.

माणसांच्या प्रवासाला हाच निकष लावून पाहावा. भारतीय रेल्वेने 1985 मध्ये नवी दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू केलं, नव्वदच्या दशकाअखेर मोठ्या शहरांची केंद्रं एकमेकांशी जोडली गेली आणि 2002 मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोय आली. माझ्या मते सामान्य माणसाच्या हातात माहिती देणारी आपल्याकडची ही सर्वांत मोठी घटना आहे. त्याआधी कोणत्या गाडीत किती जागा उरल्या आहेत हे खिडकीपलीकडच्या जाड वहीला ठाऊक असे. आता कोणत्याही गावातला माणूस कोणत्याही गाडीची स्थिती पाहू शकतो, प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक कितवा हे त्याला कळतं. पण याच व्यवस्थेने दुसरी बाजूही दाखवली. माहिती सर्वांना एकाच क्षणी खुली झाली की ज्याच्याकडे वेगवान यंत्र आहे तो पुढे जातो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणं उघडतात आणि बघता बघता संपतात. तिकिटं उचलणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्यांना रोखण्यासाठी रेल्वेला कोट्यवधी संशयास्पद खाती बंद करावी लागली आणि जुलै 2025 पासून तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची करावी लागली. पडदा सर्वांसाठी खुला केला की न्याय आपोआप होतो असं नाही. रांगेत पुढे कोणी घुसत नाही ना, हे पाहणारा नियमही लागतो.

बस आणि रिक्षाच्या बाबतीत तर निवड अगदी उघड आहे. 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा केंद्राचा नियम आहे. बस कुठे आहे हे त्यामुळे कोणाला ना कोणाला कळू शकतं. ते आगारातल्या पडद्यापुरतं राहतं की थांब्यावरच्या बाईंच्या मोबाइलपर्यंत येतं, हा निर्णय माणसांचा असतो. दिल्ली सरकारने 2018 मध्ये बसची क्षणाक्षणाची माहिती सर्वांना वापरता येईल अशी खुली केली. त्यामुळे कोणालाही तिच्यावर ॲप उभारता येतं आणि प्रवासी एका कंपनीच्या दारात अडकत नाही. रिक्षाचं उदाहरण बंगळुरूचं घेता येईल. तिथे 2022 मध्ये ‘नम्म यात्री’ हे ॲप रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साथीने उभं राहिलं. प्रत्येक फेरीमागे कमिशन कापायचं नाही, चालकाने थोडी ठरावीक वर्गणी भरायची, भाडं थेट चालकाला, अशी त्याची रचना होती. कमिशनशिवाय हा धंदा चालूच शकत नाही असं तोवर सांगितलं जाई. 2025 मध्ये उबरनेही भारतातल्या रिक्षांसाठी कमिशन सोडून वर्गणीची पद्धत स्वीकारली. तंत्रज्ञान एकच होतं. व्यवहाराच्या अटी बदलल्या आणि त्याबरोबर लाभ कोणाला हेही बदललं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की बाजाराला त्याचं काम करू द्यावं. भाडं मिळवून देणारी ॲप आली आहेत, दलालाची मक्तेदारी मोडते आहे, छोट्या मालकाला परतीचं भाडं मोबाइलवर दिसतं. हळूहळू सगळं जागेवर येईल. यात तथ्य आहे. अनोळखी गावात गाडी रिकामी झाल्यावर तिथल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाकावर दिवस दिवस बसण्यापेक्षा पडद्यावर चार भाडी दिसणं केव्हाही चांगलं. पण दलाल नुसती माहिती विकत नव्हता, हे विसरून चालणार नाही. तो डिझेलला ॲडव्हान्स देई, उरलेलं भाडं बुडालं तर मध्ये पडे, वाटेत गाडी पकडली गेली तर धावून जाई. त्या बदल्यात तो जास्त पैसे कापत असेल, कधी अडवणूकही करत असेल, पण जोखीम त्याच्या अंगावर होती. ॲपने फक्त ओळख करून दिली आणि पैसे अडकल्यावर हात वर केले, तर छोट्या मालकाची दलाली वाचते आणि आधार जातो. शिवाय भाडं देणारे मोजके आणि गाड्या अगणित असल्या की उघड स्पर्धा भाड्याला खालीच ढकलते. तेव्हा बाजाराला काम करू द्यायचं असेल तर सौद्याच्या दोन्ही बाजूंना सारखं दिसलं पाहिजे. माल देणाऱ्याला गाडीमालकाचा इतिहास दिसतो, तसा गाडीमालकाला माल देणाऱ्याचाही दिसावा: उरलेलं भाडं किती दिवसांत देतो, फाटकावर गाडी किती वेळ ठेवतो.

फाटकावरचा वेळ उघड करा म्हटलं की दुसरा आक्षेप कारखानदार आणि गोदामवाले घेतात. आमच्या आवारातली नोंद ही आमची खासगी बाब आहे, आणि नवी यंत्रणा बसवायचा खर्च आम्ही का करायचा, असं ते म्हणतात. खर्चाचा मुद्दा फार टिकत नाही. टॅग गाडीच्या काचेवर आधीच आहे, वजनकाटा आधीच वेळ छापतो, वही आधीच लिहिली जाते. वेळेच्या या नोंदी ई-वे बिलाला जोडायच्या आणि चालक, मालक व माल पाठवणारा या तिघांना दिसतील एवढं करायचं. भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर बदलता येतो तर गाडी फाटकावर कधी पोचली आणि मोकळी कधी झाली या दोन वेळाही त्यात बसतील. खासगीपणाचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. कोणाकडे किती माल येतो हे स्पर्धकाला कळू नये हे मान्य. पण इथे मालाचा तपशील मागितलेला नाही. ज्या गाडीचा वेळ गेला तिला तिच्या वेळेची नोंद मिळावी, इतकीच मागणी आहे. तिच्या फेरीतल्या प्रत्येक टोलनाक्याची नोंद सरकार ठेवतं, तर तिच्या थांबण्याची नोंद तिच्याच मालकाला नाकारण्याचं कारण काय?

तिसरा आक्षेप चालकांच्या बाजूचा आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. अधिक माहिती म्हणजे अधिक पाळत. मोबाइलच्या सिमवरून गाडीचा माग ठेवला जातो. त्यासाठी चालकाची संमती संदेशाने घेतात, पण भाडं हवं असेल तर नाही म्हणण्याची सोय त्याला फारशी नसते. गाडी कुठे थांबली, का थांबली, किती वेळ थांबली, याची उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. म्हणून फेरी संपताच माग थांबला पाहिजे, आणि जमलेली माहिती चालकाला स्वतःला पाहता आली पाहिजे. यापुढे जाऊन ती माहिती त्याच्या रक्षणासाठीही वापरली पाहिजे. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने कामाचे दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ठरवले. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला, आणि देशातल्या बहुतेक गाड्या त्याहून लहान मालकांच्या. तास मोजायचे कसे, हाही प्रश्न होता. युरोपात 2006 पासून नव्या ट्रकना डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा आहे. चालक किती वेळ चाकावर होता आणि किती वेळ विसावला, हे त्यात नोंदलं जातं आणि त्यावरून मालकाला जाब विचारला जातो. आपल्याकडे गाडीचा माग ठेवणारी यंत्रणा अखंड चालू असते, मग सलग बारा-चौदा तास गाडी चालवणाऱ्या माणसाला थांबवणारी सूचना तिच्यातून का निघत नाही? फाटकाबाहेर रात्र जागून काढलेला चालक सकाळी माल उतरवून लगेच पुढच्या भाड्याला निघतो तेव्हा तो धोका रस्त्यावरच्या सर्वांनाच असतो.

चौथं म्हणणं आशावादी आहे: माहिती तंत्रज्ञानामुळे प्रवासच कमी होईल, काम घरून होईल, खरेदी मोबाइलवर होईल, रस्ते मोकळे होतील. आतापर्यंतचा पुरावा याच्या उलट दिशेला झुकतो. सॅन फ्रान्सिस्कोत 2010 ते 2016 या काळात वाहतूक कोंडीतल्या विलंबाचे तास 62 टक्क्यांनी वाढले. ॲपवरच्या टॅक्सी नसत्या तर ती वाढ 22 टक्के राहिली असती, असा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला. मोटार बोलावणं सोपं झालं की बसने किंवा पायी जाणारेही मोटार बोलावतात, आणि दोन भाड्यांच्या मधल्या वेळात ती मोटार रिकामी फिरते. घरपोच वस्तूंचंही तसंच. आठवड्याची एक बाजारहाट जाऊन तिच्या जागी रोजच्या लहान लहान फेऱ्या आल्या, त्या दुचाकीवरच्या तरुणांच्या अंगावर पडल्या आणि आपल्या दाराशी वाचलेला वेळ त्यांच्या घाईतून भरून काढला जाऊ लागला. फेऱ्या कमी व्हाव्यात असं खरंच वाटत असेल तर त्या एकत्र करणाऱ्याला लाभ होईल अशी व्यवस्था लागते. नुसती मागणी सोपी केली तर मागणी वाढते, याहून वेगळं काही होत नाही.

मालवाहतुकीच्या खर्चाविषयी वर्षानुवर्षं एक आकडा सांगितला जाई: देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 13 ते 14 टक्के. 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, एनसीएईआर या संस्थेने केलेल्या अभ्यासात तो आठ टक्क्यांच्या जवळपास निघाला. अंदाजाच्या जागी मोजणी आली याचा आनंदच आहे. पण ज्या तासाचे पैसेच कोणी देत नाही तो तास खर्चाच्या हिशेबात येणार तरी कसा? स्वस्त वाहतूक आणि फुकट घेतलेला वेळ यांतला फरक दिसायचा असेल तर फाटकावरचे तास मोजावेच लागतील. सुरुवात काही मोजक्या जागांपासून करता येईल. बाजार समित्या, सरकारी धान्य गोदामं, साखर कारखाने आणि बंदराबाहेरचे कंटेनर यार्ड इथे गाडी आली कधी आणि मोकळी झाली कधी या दोन वेळा नोंदवणं राज्य सरकारने सक्तीचं करावं, आणि त्या चालकाच्या मोबाइलवर आपोआप जाव्यात. ठरावीक तासांनंतरचं हॉल्टिंग बिल्टीत आपोआप धरलं जावं. कोणत्या फाटकावर सरासरी किती वेळ लागतो याची यादी दर महिन्याला निघावी. एवढं झालं तर बाकीच्या खासगी कारखान्यांनाही मागे राहता येणार नाही, कारण जिथे गाडी लवकर सुटते तिथलं भाडं गाडीमालक कमी दरातही घेतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वेळ पाळणाऱ्याला स्वस्त भाडं आणि न पाळणाऱ्याला महाग, असा सरळ व्यवहार त्यातून उभा राहील, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा आपण आधीच विकत घेऊन बसवलेली आहे.